दोन बाजूंचा बगळा

हल्ली पाट्या छापूनच येतात. त्यामुळे तळ्यावरच्या पक्ष्यांची पहिली पाटी हाताने रंगवायचं काम मिळालं, तेव्हा आमच्या शेजारच्या पेंटरने दाढी वाढवली. कला म्हणजे कला. पाटी पसंत पडली तर तळ्याभोवतीच्या बाकीच्या पाट्याही त्याच्याच; नाहीतर छापखाना टपलेलाच होता.

हिवाळाभर तळ्याकाठी बसून त्याने गायबगळा काढला. पिवळी चोच, बाकी पांढराशुभ्र.

"तुमच्या शर्टापेक्षा स्वच्छ आहे हो," बायको म्हणाली.

पाटी बघायला वनखात्याच्या साहेबांना सवड झाली ती उन्हाळा सरता सरता. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग समोरच्या बाभळीकडे. तिथे बगळ्यांची घरटी बांधायची धांदल चालली होती आणि झाडून सगळ्यांची डोकी, माना नि पाठी नारिंगी.

"पेंटर, हा पाटीवरचा कुठला?"

"इथलाच, साहेब."

"मग ते कोण?"

पेंटरने दाढी खाजवली. "पाहुणे असतील."

"पाहुणे घरं बांधतात होय?"

घरी बायकोने ऐकून घेतलं. "अहो, लग्नसराई आहे त्यांची. मला बघायला आलात तेव्हा तुम्ही नाही का मिशीला कलप लावून आलात? नंतर उतरलाच की!"

पेंटरने मिशीचा विषय टाळला आणि बगळा नारिंगी केला. साहेब पुन्हा उगवले तोवर पावसाळा संपला होता, पिल्लं उडाली होती आणि बगळे पुन्हा पांढरे झाले होते.

"पेंटर, तुमचं माझ्याशी काही वैर आहे का?"

"शेवटची एक संधी द्या, साहेब."

"शेवटची. मग छापखाना."

या खेपेला त्याने बायकोचं 'नंतर उतरलाच की' ध्यानात घेतलं. पत्र्याच्या एका बाजूला पांढरा बगळा, दुसऱ्या बाजूला नारिंगी, आणि पाटी खांबावर फिरती. ऋतू बदलला की फिरवायची.

उन्हाळा लागताना साहेब आले आणि त्यांनी स्वतः फिरवून पाहिली. चेहरा खुलू लागला, तेवढ्यात एक गायबगळा येऊन थेट पाटीवरच बसला. मान अर्धी नारिंगी, अर्धी पांढरी, पाठीवर ठिगळं.

साहेबांच्या कपाळावर आठी उमटली. "हा कुठल्या बाजूचा?"

पेंटर आता शहाणा झाला होता. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, तो कपडे बदलतोय. आपण बघू नये."

साहेब खानदानी माणूस. त्यांनी चटकन पाठ फिरवली आणि पाठमोऱ्यानेच बाकीच्या पाट्याही पेंटरला देऊन टाकल्या.