माझ्यावरचा न पुसलेला डाग

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. खोक्यांच्या कारखान्यातल्या कँटीनमधलं. लांबलचक आणि एका पायानं जरा अधू.

थोरल्या मालकांनी सुताराकडून मला मुद्दाम लांब करून घेतलं, कारण त्यांना स्वतःला सगळ्यांबरोबर जेवायचं होतं. त्यांचा दंडक एकच: ज्यानं सांडलं, त्यानंच पुसायचं. एकदा त्यांच्याच हातून वाटी कलंडली. पॅकिंगच्या मावशी फडकं घेऊन धावल्या, तर म्हणाले, "बसा हो! माझे हात काय मोडलेत?" मंदीच्या वर्षी त्यांनी आधी स्वतःचा पगार बंद केला. कामावरून मात्र कुणालाच काढलं नाही. काय ऐट होती तेव्हा माझी!

मालक गेले, चिरंजीव आले. ते केबिनमध्ये जेवत. त्यांच्या डोक्यात एक भलंमोठं मशीन भरलं. "एवढ्याला पुरेल इतकं काम कुठून आणायचं, साहेब?" कारखान्यातली यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी विचारलं, तर त्यांनाच गप्प बसवलं. मशीन आलं, धूळ खात पडलं आणि कारखाना गाळात गेला.

एका दुपारी साहेब चहाचा कप घेऊन कँटीनमध्ये आले. "आपण सगळे एक कुटुंब आहोत. सगळ्यांनीच पोटाला चिमटा घ्यायचाय," असं म्हणून निम्म्या माणसांना त्यांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यात मावशीही होत्या. त्यांच्या पगारावर लेकीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चाललं होतं.

"आणि तुमचा पगार, साहेब?" मिस्त्री म्हणाले.

"तो विषय वेगळा आहे!" साहेबांनी तावातावानं हात आपटला. कप कलंडला आणि चहा माझ्यावर पसरला. "मावशी, जरा पुसून घ्या."

मावशी सवयीनं उठल्या, फडकं घेऊन आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी ते फडकं साहेबांपुढे ठेवलं.

"मला तर तुम्ही आत्ताच काढलंत. आणि सांडलंयही तुम्हीच."

साहेबांनी फडक्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि चालू लागले. मावशींनी डबा आवरला, आपल्यापुरती जागा हातानं पुसली आणि त्याही गेल्या.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा पाय नको. उद्या तुमच्यातलं कुणी मालक होईल. तेव्हा आपण सांडलेलं दुसऱ्याला पुसायला लावू नका, एवढंच मागणं आहे.

मशीन अजून आहे, साहेबही आहेत, डागही आहे. मावशींची जागा तेवढी स्वच्छ आहे. तिथं आता कुणी बसत नाही.