दुसरी झडप

मी मूळचाच उतावळा. कालव्यावर नाव ताशी तीन मैलांनी चालते, आणि अशी एकोणीस वर्षं एकट्यानं काढूनही माझी घाई गेली नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

त्या दिवशी मला वर जायचं होतं आणि मर्टलबाईंची नाव खाली उतरत होती. लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून नावा वर-खाली करणाऱ्या दोन दारांमधल्या हौदात, एका वेळी एकच नाव मावते, म्हणून मी खाली नाव बांधून वाट बघत होतो. बारीक पाऊस, बोचरा वारा, आणि बाईंचा कारभार गोगलगायीचा. आदल्या हिवाळ्यात त्यांचा नवरा सिरिल गेला, तेव्हापासून त्या एकट्याच नावेवर राहून ती चालवत होत्या. वय एकाहत्तर. मुलगी ग्लिनिस नाव विकून टाक म्हणून मागे लागलेली. हा मोसम धडपणे पार पडला तर पुन्हा विषय काढणार नाही, एवढं तिनं कबूल केलं होतं. मोसमाचा शेवटचा आठवडा उरला होता.

मी झडपा उचलायचं हँडल घेऊन वर गेलो. लॉकवर कुणी दिसलं की हात लावायचा, ही आमची रीत. पण एकट्यानं नाव हाकणाऱ्याला आधी विचारायचं, हीही रीतच, आणि नव्या लोकांना ती मीच ऐकवत असतो.

"क्लेम, मी सांगेपर्यंत हात लावू नकोस हं," बाई म्हणाल्या. "माझं आपलं हळूहळू असतं."

त्यांची पद्धत बरोबरच होती. खालच्या दारातली पाणी सोडायची एक झडप जराशी उचलायची, मग काठावरून मागं येऊन दोर धरायचा आणि नाव भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेच्या पुढं ठेवायची. रेघेच्या मागं पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. पाणी उतरताना नावेचं मागचं टोक त्यावर टेकलं, की पुढचं तोंड बुडालंच.

त्या पाठमोऱ्या दोराकडे निघाल्या आणि मी पलीकडच्या दाराची दुसरी झडप पुरती उचलली. बाईंना तेवढीच मदत, असं मी मनाशी म्हटलं. खरं म्हणजे खाली माझा चहा निवत होता.

पाणी भसाभस उतरलं. त्यांच्या हाती दोर येईपर्यंत नाव हेलकाव्यानं मागं सरकून उंबरठ्यावर बसली होती. मी माझी झडप पाडली, धावत जाऊन त्यांचीही पाडली. काही उपयोग झाला नाही. नावेच्या पुढच्या दारातून पाणी आत शिरलं आणि दोन-तीन मिनिटांत सगळा संसार तळाला गेला. बाई दोर घट्ट धरून उभ्या होत्या. तो मला त्यांच्या हातातून सोडवावा लागला.

चौकशीला आलेल्या साहेबाला मी सांगितलं, मी पोचलो तेव्हा नाव टेकलेलीच होती. माझी झडप मीच बंद केलेली, बघणारं कुणी नव्हतं. वय झालं की असं व्हायचंच, असं तो म्हणाला. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

नाव वर काढून दुरुस्त झाली. बाई ग्लिनिसकडे राहत होत्या. शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं, पण बाईंनी अजून होकार दिला नव्हता. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच मी शुक्रवारी गेलो. ग्लिनिस चहा देऊन आत गेली.

"तू होतास तिथं," बाई हळूच म्हणाल्या. "खरं सांग. ही म्हणते माझं भान सुटतं. मला वाटतं मी लगेच दोर धरला होता. की उभीच राहिले होते?"

मी चहाचा घोट घेतला.

"थोडा वेळ गेला खरा," मी म्हणालो.

"मग विकलेलीच बरी," बाई म्हणाल्या. "उगाच माझ्यापायी एखाद्या दिवशी तुझ्यासारख्याचा जीव जायचा."

आणि बिस्किटांची बशी त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी दोन खाल्ली.