लाल रेघ चढली तेव्हा

वीतभरही नाही माझी उंची, पण तोरा पाहाल तर डॉक्टरापेक्षा जास्त! मी रक्त तपासायची काचेची नळी. कोपरगावातल्या एका लहानशा दवाखान्यात राहते. अंगावर आकडे कोरलेत. मला तोंड नाही असं समजू नका. पोटात रक्त भरलं की मीच बोलते.

भट्टीत जन्मले, मुंबईहून भुशात गुंडाळून इथे आले. तपासनीस बन्सीने पहिल्यांदा माझ्यात रक्त भरलं, हाताने फिरवायच्या यंत्रात मला अडकवलं आणि दांडा असा गरगर फिरवला की वाटलं, झाला आपला भुगा! थांबल्यावर पाहते तर खाली लाल आणि वर पिवळसर, नितळ पाणी. माणसाच्या अंगात हे दोन्ही एकजीव होऊन वाहतं! मी थक्क झाले. अजूनही होते.

बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी मिळेल ते पाणी रांजणात साठवलं. त्यात डास झाले आणि मागोमाग अंग मोडून काढणारा ताप आला. दवाखाना पोरांनी भरून गेला.

त्यातच होती राहीबाईची सहा वर्षांची मनकर्णा. पोर तापाने फणफणली होती. एका सकाळी ताप उतरला आणि राहीबाईचा जीव भांड्यात पडला. तिने नवऱ्याला गाडी जुंपायला सांगितली. म्हसोबाला निवद कबूल केला होता.

तेवढ्यात बन्सीने मनकर्णाचं रक्त फिरवून मला यंत्रातून काढलं. राहीबाईने मला आदल्या दिवशीही पाहिलं होतं. ती हरखलीच.

"बया! कालच्यापरीस लाल लई चढलंय! रगत भरलं माझ्या लेकीचं!"

मीही फुगले. जास्त लाल म्हणजे जास्त जीव, असंच मला वाटे. पण डॉक्टर रंगनाथांचा चेहरा पडला.

"राहीबाई, रक्त वाढलं नाही. त्यातलं पाणी शिरांतून पाझरून चाललंय. सलाईन लावावं लागेल. आज घरी न्याल तर पोर हाती लागायची नाही."

"ताप उतरल्यावर कुनी सलाईन लावतं व्हय? उगं भ्या दावू नका!"

"तुमचं गुऱ्हाळ आहे ना? काहिलीतला रस आटून दाट झाला, तर रस वाढला म्हणता का?"

राहीबाई खाटेकडे वळली. तिने लेकीची पावलं चाचपली. थंडगार होती. ती धावत दारात गेली.

"आवं, बैलं सोडा! आपन कुटं जात न्हाई!"

सलाईन सुरू झालं. बन्सी पुन्हा पुन्हा थोडं रक्त घेई, मला गरगरवी आणि उजेडात धरी. राहीबाई उंबऱ्यात बसून विचारी, "उतरलं का?" लाल कमी व्हावं म्हणून देवाचा धावा करणारी आई मी पहिल्यांदाच पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा मलाही लाल नकोसं झालं.

दुपार कलता कलता लाल रेघ खाली सरकली. नाडी भरली. मनकर्णाने डोळे उघडले आणि कुरकुरली, "आये, मुतायला लागलीय."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. "सुटली पोर," म्हणाले. पाणी परत वाटेला लागलं होतं.

आता माझ्या कडेला तडा गेलाय. बन्सी लवकरच मला टाकून देईल. त्याचं दुःख नाही. एवढंच सांगते, ताप उतरला तरी पोराचे पाय थंड तर नाहीत ना, चाचपून पाहा. त्या दिवशी राहीबाई लेकीला कडेवर घेऊन मोरीकडे धावली, तेव्हा ती रडत होती की हसत होती, हे मात्र मला कोणत्याही आकड्यात सांगता आलं नसतं.