सोमवारचे अंगठे

"साक्षीदाराची सही सगळीकडे तुमचीच आहे ना, वैजयंतीताई?"

विभागप्रमुख डॉ. प्रियदर्शनींनी अगदी सहज विचारलं. त्यांच्यासमोर फॉर्मांची चळत होती आणि तोंडात बॉलपेनाचं टोपण.

"हो मॅडम, माझीच," वैजयंती म्हणाली.

"लातूरचे फॉर्म बघितले असते तर रडला असतात तुम्ही. निम्म्यांवर चहाचे डाग, निम्म्यांवर तारीखच नाही. आणि आपले बघा, लग्नपत्रिका वाटाव्यात."

वैजयंती हसली. कौतुक झालं की मान खाली घालून हसायची तिला सवय होती.

तेवीस वर्षं ती सोलापूरच्या या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीत होती. ऑपरेशनात काढलेल्या गाठीचा तुकडा तिच्याकडे यायचा. ती तो मेणात बसवायची, नंबर घालायची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घ्यायची. रोगाचं निदान झालं तरी ती मेणाची वडी टाकत नाहीत, कपाटात राहते. अशा हजारो वड्या तिच्या हातून गेल्या होत्या. आता सोलापूर, लातूर आणि मिरज इथल्या तीन रुग्णालयांनी ठरवलं होतं की कुणाकडे कुठल्या आजाराचा नमुना आहे याची एक सामायिक यादी करायची. एखादा दुर्मिळ आजार असला तर इथल्या डॉक्टरला तिथला नमुना मागवता येईल, औषध शोधणाऱ्यांना उपयोग होईल. आधी सहा महिने करून बघायचं, सोलापूरचे साठ नमुने घेऊन. त्या साठांची जबाबदारी वैजयंतीकडे आली होती. दाराबाहेर तशी पाटीही लागायची होती.

"एकच काम राहिलं," मॅडम म्हणाल्या. "रुग्णालयाच्या नैतिकता समितीचं म्हणणं आहे, थोड्या घरी फोन करून विचारा. संमती देताना काय सांगितलं होतं ते त्यांच्याच तोंडून ऐका. औपचारिकता आहे, पण करून टाकू."

वैजयंती यादी घेऊन आपल्या टेबलाशी आली. पहिलंच नाव होतं हणमंत, सांगोला तालुका, मांडीची गाठ. दुर्मिळ होती, म्हणून अगदी वर. तिनं तारीख बघितली. मग मोबाइलमध्ये चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर काढलं.

सोमवार होता. श्रावणातला.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. स्वतःलाही नीटशी सांगितली नव्हती. सासर शुक्रवार पेठेतलं, माहेर अक्कलकोटच्या वाटेवरचं. घरात सिद्धेश्वराचं दर्शन घेतल्याशिवाय तिनं कधी घास तोंडात घातला नव्हता. सोमवारी तर पाणीही संध्याकाळी देवळात दर्शन झाल्यावरच. एरवी जमून जायचं. पण दहा वर्षांपूर्वी संमतीचं काम तिच्यावर आलं, 'तुम्ही गोड बोलता' म्हणून. दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनवाल्यांना चार वाजता वॉर्डात बसवायचं, फॉर्म वाचून दाखवायचा, काढलेल्या भागाचा थोडा तुकडा आम्ही ठेवू, पुढे संशोधनाला वापरू, नको असेल तर नको म्हणा, त्यानं उपचार थांबत नाहीत, हे समजावायचं. एकेकाला वीस मिनिटं. एका श्रावणात दर्शनाची गर्दी, उपाशी पोट, डोकं गरगरतंय, आणि समोर सहा जण. तिनं फॉर्म ओळीनं मांडले, शाईचा डबा उघडला आणि म्हणाली, "ऑपरेशनचाच कागद आहे, अंगठा द्या."

सहाही जणांनी मुकाट्यानं अंगठे पुढं केले. तिनं खाली छापील मजकुराशेजारी सही केली: 'वाचून दाखवले, समजले.' साडेपाचला ती देवळात होती. श्रावण संपला, पण सोमवारची ती रीत संपली नाही.

साठांमध्ये सोमवारचे अकरा निघाले.

फोन हणमंतच्या मुलानं उचलला. मागं यंत्रांचा आवाज होता.

"कोन बोलालंय?"

तिनं रुग्णालयाचं नाव सांगितलं.

"आमचं वडील तर वारले की मॅडम. चार वर्सं झाली."

"माहीत आहे. त्यांच्या तपासणीतला एक तुकडा आमच्याकडे आहे, त्याबद्दल विचारायचं होतं."

"तुकडा? कसला तुकडा?"

तिनं सांगायचा प्रयत्न केला. मुलाचं नाव बिरदेव, चिंचोळी एमआयडीसीत कामाला. तो म्हणाला, "ह्ये फोनवर नगं. आई गावाकडं हाय. तिला घिऊनच येतो."

गुरुवारी दोघं आली. केराबाई काटक, कपाळावर गोंदण, पायात जाड चपला. मॅडमच्या खोलीत खुर्ची देऊनही ती आधी टेकेना. वैजयंतीकडं बघून म्हणाली, "ह्या बाईला वळखते मी. हिनंच सांगितलं हुतं."

"काय सांगितलं होतं, मावशी?" मॅडमनी विचारलं.

"मालक गेलं तवा मी म्हनलं, पायातनं काडलेलं मास बी द्या, संगं माती दिऊ. आमच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात. मानूस सगळा गेला पायजे. तर ही म्हनली, मावशी, त्ये जाळलं, आता काय न्हाय उरलं."

वैजयंतीला तो प्रसंग आठवला. शवागाराच्या दारात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर. बहुतेक मांस खरंच जळालेलं असतं, म्हणून ते तिला खोटं वाटलं नव्हतं.

"मग आता पोरगं म्हनतंय तुकडा हाय," केराबाई म्हणाली. "मग आमी त्येनला अर्धंच पुरलं व्हय?"

मॅडमनी फॉर्म काढला, तिच्यासमोर ठेवला आणि आवाज शक्य तेवढा मऊ केला.

"मावशी, हा बघा. त्यांचा अंगठा, हा तुमचा. तुकडा ठेवायचा हे तेव्हा तुम्हाला वाचून दाखवलं होतं. आठवतंय का?"

केराबाईनं कागदाकडं बघितलं. दोन काळे अंगठे शेजारी शेजारी. तिनं बराच वेळ आठवून पाहिलं. मग मुलाकडं बघत ओशाळं हसली.

"आसंल बाई. लिवलंय म्हंजे सांगितलंच आसंल. आमी अडानी मानसं, इसरलं आसंल."

"आये, तू पन," बिरदेव पुटपुटला. "घरी भांडलीस की लई, मला कुनी सांगितलंच न्हाय म्हनून. हितं आलीस की झालीस गरीब गाय."

"गप की रं. मोटी मानसं खोटं कशाला लिवतील?"

मॅडमनी पेन उचललं. 'नातेवाइकांना नीट स्मरत नाही' एवढं लिहिलं की काम संपणार होतं. वैजयंतीला ते वाक्य कागदावर उतरायच्या आधीच दिसलं. ती काहीच बोलली नसती तरी चाललं असतं. कुणी तिला विचारलंही नव्हतं.

"त्या विसरलेल्या नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "मी वाचलंच नव्हतं."

पेन थांबलं.

"सोमवार होता. मला देवळात जायचं होतं. ऑपरेशनचा कागद आहे म्हणून मी अंगठे घेतले." ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "सोमवारचे सगळेच तसे आहेत. यादीत अकरा आहेत. कपाटात किती ते मला बघावं लागेल."

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चळतीवरचे फॉर्म सरळ केले, आधीच सरळ असलेले.

"हे मला लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आजच. लातूर-मिरजला मी कळवते, आपल्याकडून उशीर होईल. आणि ताई, यादीचं काम आता दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. समजतंय ना?"

"हो."

बिरदेव खुर्चीतून अर्धा उठला होता. "म्हंजे देवाला जायाचं म्हनून आमच्या बापाला—" पुढचा शब्द त्यानं गिळला. त्याच्या आईनं त्याचं मनगट धरलं होतं.

केराबाई वैजयंतीकडं बघत होती, नजरेत राग शोधावा तर तोही नव्हता. "कुटला देव?" तिनं विचारलं.

"सिद्धेश्वर."

केराबाईनं नुसतीच मान हलवली. वैजयंतीला वाटलं, यापेक्षा तिनं थोबाडीत मारायला हवी होती.

"आता वाच," केराबाई म्हणाली.

वैजयंतीनं कोरा फॉर्म घेतला आणि तिच्यासमोर स्टुलावर बसून पहिल्या ओळीपासून वाचला. जिथं शब्द जड होता तिथं थांबून सोपा सांगितला. केराबाई मधेमधे विचारत होती. तुकडा कोन बगनार? गाठ कशानं झाली त्ये कळंल का? माज्या पोराला व्हईल का त्ये कळंल? मालकाचं नाव लिवत्यात का? काही उत्तरं वैजयंतीनं दिली, काही मॅडमनी. पंचवीस मिनिटं लागली.

"लोकांचं बरं व्हनार आसंल तर चांगलंच हाय," शेवटी केराबाई म्हणाली. "पन त्येनला इचारलं न्हाय कुनी. त्येंच्या जागी मी कशी हा म्हनू? आमी घिऊन जातो."

मॅडमनी मान डोलावली. वैजयंतीनं फॉर्मवर 'नकार' लिहिलं आणि खाली सही केली. मग कपाटातून वडी आणली. पांढरट मेण, बिस्किटाच्या तुकड्याएवढं, मागं प्लास्टिकची जाळी, बाजूला तिच्याच अक्षरात नंबर. मधोमध नखाएवढा तपकिरी डाग.

"एवढंच?" बिरदेव म्हणाला.

केराबाईनं पदरानं हात पुसले आणि वडी तळव्यावर घेतली. तिनं ती एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिली. मग वैजयंतीला विचारलं, "ह्येचं डोस्कं कुनीकडं करायचं? पुरताना डोस्कं दक्षिणंला लागतं आमच्यात. ह्येच्यात वर कंचं, खाली कंचं?"

उत्तर वैजयंतीच्या जिभेवर आलंच होतं. नंबराची बाजू खाली ठेवा, मावशी. एवढं म्हटलं असतं तर म्हातारी निवांत मनानं घरी गेली असती, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं.

"ते मला ठाऊक नाही, मावशी," ती म्हणाली. "मेणात बसवताना तेवढं कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं."

केराबाईनं अंगठ्यानं मेणाची कड चाचपली.

"आसू दे," ती म्हणाली. "माती घिती सांबाळून."

बिरदेवनं पिशवी उघडून पुढं केली, पण तिनं वडी पिशवीत टाकली नाही. दुसरा तळवा खाली लावून, काठोकाठ भरलेलं दूध न्यावं तशी ती दोन्ही हातांवर सपाट धरून निघाली. लांबलचक व्हरांड्यात माणसांची ये-जा होती, स्ट्रेचर येत होते. बिरदेव पुढं होऊन "सरका, जरा सरका" म्हणत वाट करत होता, आणि त्याच्या मागून केराबाई, पायरी आली की थांबून, हळूहळू, हात जराही कलू न देता चालली होती.