गुनवोरच्या मयताची बीअर

मी विरजणाचा हार बोलतोय. गळ्यात घालायचा नव्हे. बर्चच्या लाकडाचे तुकडे एकात एक अडकवून मला केलंय. बीअर फसफसू लागली की मला तिच्यात बुडवायचं, माझ्या भेगांत विरजण धरलं की वाळवून टांगायचं, आणि पुढच्या खेपेला पुन्हा बुडवायचं. नॉर्वेतल्या व्होसच्या डोंगरात आम्हाला असंच वागवतात.

गुनवोरच्या वडिलांनी मला कोरलं. लग्न झाल्यावर तिच्याबरोबर मी तोर्लाइवच्या घरी आलो. गावात लग्न असो, बारसं असो, बीअर गुनवोरचीच. पिंपाला कान लावून ती सांगायची, अजून कच्ची आहे म्हणून. पाहुण्यापुढे कोवळी बीअर ठेवणं काय आणि उतरलेली ठेवणं काय, तिच्या लेखी दोन्हींत सारखीच बेअब्रू. एकदा वरात लवकर येऊन धडकली, तर तिनं खुद्द नवरदेवाला ताकावर बसवून ठेवलं होतं.

लग्नाची तारीख ठरवता येते, मरणाची कशी ठरवणार? आणि आमच्याकडे मयताला तर बीअर लागतेच. म्हणून घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की जव भिजत घालतात. मोड यायला, वाळायला, मुरायला वेळ लागतो.

एका हिवाळ्यात गुनवोरच अंथरुणाला खिळली. महिना निघाला तर नशीब, असं डॉक्टरांनी तोर्लाइवला बाजूला घेऊन सांगितलं. जव भिजव म्हणून ती त्याच्या मागे लागली. तो ऐकू न आल्याचं सोंग करायचा. जव भिजवणं म्हणजे ती जाणार हे कबूल करणं, आणि ते त्याच्याच्यानं होईना.

शेवटी ती म्हणाली, "माझ्या मयताला दुकानातली बाटली ठेवलीस तर बघ. उठून बसेन."

"मग तीच ठेवतो," तो म्हणाला.

पण त्यानं जव भिजवले. विरजण टाकताना मोठ्यानं आरोळी ठोकायची असते, तरच बीअरला जोर येतो. मला हातात धरून तो पिंपाशी उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून आवाजच फुटेना. तेव्हा आतल्या खोलीतून गुनवोरनं आरोळी दिली. बारीक, दमलेली. त्या कोमट गोड पाण्यात मी पडलो तो रडतच.

बीअर तयार झाली तेव्हा गुनवोरनं चमच्यानं चाखली. अगदी आजच प्यावी अशी झालीय, म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "मीच उशीर करतेय रे."

"कर," तोर्लाइव म्हणाला. "कुणाला घाई आहे?"

शेजारचा आर्नफिन जिभेचा तिखट. वाया जाण्यापेक्षा ही पिऊन टाकू, नंतर दुसरी घाल, असं सुचवायला आला. तोर्लाइवनं त्याला दारातूनच परत पाठवलं. बायकोच्या मरणाची तयारी दोनदा करायची? तो रोज सकाळी घोटभर चाखायचा, तोंड वाकडं करायचा, आणि आत जाऊन तिला सांगायचा, अजून झकास आहे. वासावरून तिला सगळं कळत होतं, पण ती मान डोलवायची. बर्फ वितळलं, बर्चला पालवी फुटली, आणि मग ती गेली.

दफन करून लोक घरी आले. लाकडी वाडगा हातोहात फिरला. बीअर आंबट ढाण झाली होती. तोर्लाइव मान खाली घालून उभा राहिला.

"एवढं एकच मागितलं होतं तिनं. पाहुण्यांपुढे चांगली बीअर ठेवायची. मला तेही जमलं नाही."

आर्नफिननं वाडगा दोन्ही हातांनी उचलला, तळ दिसेपर्यंत प्यायला आणि तोंड पुसलं. "आंबलीय खरी," तो म्हणाला. "तितके दिवस जास्त जगली की ती."

तोर्लाइव मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी लोकांनी पिंप रिकामं करूनच घर गाठलं.

त्यानंतर मला कुणी बुडवलं नाही. भेगांतलं विरजण वाळून पांढरं पडलंय. जीव आहे त्यात अजून, पण फार दिवस नाही राहायचा. आता तोर्लाइव अंथरुणाला खिळलाय. त्याची लेक शहरातून आलीय, डॉक्टरांशी हळू आवाजात बोलते. जव भिजवायचं मात्र कुणाच्या ध्यानात नाही.

पोरी, मला खाली उतरव. बापाच्या मयताची बीअर घाल. आणि ती आंबू दे. चांगली आंबू दे.