दाराआडची ओ

खट्.

दुपारच्या सुस्तीत निपचित पडलेल्या घरात कडी सरकली, आणि कणकेत रुतलेले करिष्माचे हात तिथेच थांबले. या घरात कडी वाजायलाच नको होती. बाथरूमची कडी तिनंच तर पेचकसानं काढून फेकली होती.

तिचा नवरा जितेंद्र सीमेवरच्या लढाईतून धडधाकट परतला, असं सक्करदऱ्यातली अख्खी गल्ली म्हणायची. हातपाय शाबूत होते म्हणून. त्याच्याच तुकडीतला भिवापूरचा मोहितही असाच शाबूत परतला होता, आणि घरी येऊन त्यानं स्वतःचा जीव घेतला. त्याच्या तेरवीहून आल्यावर जितेंद्र तिच्याजवळ बसून म्हणाला होता, "मलेही तसंच वाटून राहिलं वं."

दुसऱ्याच दिवशी ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. सासूसासरेही सोबत होते. गोळ्या करिष्माच्या ताब्यात आल्या, आणि घरात आतून बंद होणारं दार नको, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून घराची एक रीत पडली. आत जाणाऱ्यानं दारावर दुपट्टा टाकायचा, आणि बाहेरून कुणी आवाज दिला की ओ द्यायची. चिमुकल्या रितिकाला हा खेळच वाटायचा. तिच्या डोक्यावर हात ठेवून जितेंद्रनं शब्द दिला होता, काहीही झालं तरी ओ देईन.

"अहो!" करिष्मा दाराशी पोचली. दुपट्टा होता. ओ नव्हती. नळाचाही आवाज नव्हता.

"अहो, ऐकता न? जितेंद्र!"

सासूसासऱ्यांसमोर तिनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. कणकेनं माखलेल्या मुठी दारावर आपटत राहिल्या, तेव्हा कुठे आतून कडी उघडली. तो कोरडाच होता, अंगावर पूर्ण कपडे. दारावर नवी कडी चकाकत होती.

"काहून बोंबलून राहिली वं?" दिवाणावरून सासरे, देवराव, उठून बसले. "कडी म्या लावली. उद्या याच्या सत्काराले वॉर्डातले लोक येतील. फौजीच्या घरी दारावर दुपट्टा लटकलेला पाहतील काय?"

"डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगितलं होतं न, बाबा?"

"डॉक्टर बोलतच राहते. वाघ हाय माहा पोरगा."

करिष्मा सासूकडे वळली. "आई, तुम्हाले माहीत होतं?"

शोभाताई घडी केलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी करू लागल्या. "त्यानंच म्हटलं न वं. लाज वाटते म्हणे. करिष्माले सांगू नका म्हणे."

सासऱ्यांचं तिला नवल वाटलं नाही, सासूचंही नाही. पण हा? रात्र रात्र ज्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली, त्यानं तिच्याच पाठीमागे घर फितवलं होतं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो फरशीकडे.

"आज लय वाईट वाटून राहिलं होतं," तो हळूच म्हणाला. "तुले सांगता नाही आलं. तू दाराशी उभी राहते, तं तुही सावली दिसते खालून. तेवढी पाहत बसलो."

"चला, चप्पल घाला. डॉक्टरकडे जाऊन राहिलो आपण. आत्ताच."

"अन् उद्याचा सत्कार?" देवराव ओरडले.

"शाल तुम्हीच घेऊन घ्या, बाबा. कडी लावल्याबद्दल."

पेचकस घेऊन ती कणकेच्याच हातांनी कडी काढू लागली. जितेंद्रनं खाली तळहात धरला आणि सुटलेला एकेक स्क्रू झेलू लागला. तिला रडावंसं वाटलं, त्याला मारावंसंही वाटलं.

उलटसुलट चपला घालून रितिका कधीची दारात येऊन उभी होती. तिनं आईचा पदर ओढला.

"आई, म्या तं तुह्या आधीच आवाज देला होता. बाबानं मले ओ काहून नाही देली?"