गंजाची पकड

तीन दिवस चक तेल पीत होता आणि हलत नव्हता.

देल्फिस काकांच्या कार्यशाळेतले ते कातकामाचे लेथ माझ्या वडिलांहून वयाने मोठे. त्याच्या स्पिंडलच्या, म्हणजे फिरत्या आसाच्या, आट्यांवर फिरवून बसवलेला, वस्तू जबड्यांत धरणारा तो पस्तीस किलोंचा चक गेल्या तीस वर्षांत कुणी उतरवला नव्हता. खाडीवरची खारी हवा आत शिरून तिथेच मुरली होती. आता त्याचे जबडे अर्ध्यावर अडत आणि धरलेली वस्तू मध्यावर राहत नसे. माझा थोरला भाऊ ओविद याला तर बोटीच्या इंजिनाला पंख्याशी जोडणारे कपलिंग शनिवारपर्यंत कातून हवे होते. सोमवारी पहाटे सारा किनारा शेवंडांचे सापळे टाकायला निघणार होता.

"गिअर अडकवून एक हिसका देऊ का?" ओविदने विचारले.

"दे की," काका म्हणाले. "मग दात वेचत बस. आधी गिअरचे, मग तुझे. आन्सेल्म, लाकूड आण."

मी एका जबड्याखाली ओकचा ठोकळा दिला, चकच्या पाठीला थोडी ज्योत दाखवली आणि लेथ फिरवणारा पट्टा हातांनी उलट ओढला. चौथ्या ओढीला आतून हाड मोडल्यासारखा आवाज आला. चक सुटला. मला आनंद व्हायला हवा होता. पण गाढ झोपलेल्या कुणाला तरी उगाच हाक मारली, असे वाटत राहिले.

टेबलावर मी तो उकलला. एक, दोन, तीन असे आकडे असलेले जबडे क्रमाने मांडून ठेवले, पाठीची तबकडी सोडवली. आत काळ्या ग्रीसमध्ये धातूचा कीस थरांनी दडपला होता. वर चकाकते पोलाद, त्याखाली पितळ, आणि तळाशी ज्याचे नाव सांगता येऊ नये असे काहीतरी मातीसारखे. मी सगळे रॉकेलमध्ये धुतले. स्पिंडलचे आटे तारेच्या ब्रशने घासले, फडक्याने पुसले, त्यांवर तेलाचा पातळ हात फिरवला. माणसांशी बोलताना माझे शब्द अडतात. अशा कामात मात्र मी पूर्ण असतो.

शनिवारी दुपारी लाकडी घोडीवर चक टेकवून मी तो परत चढवला. तो दोन बोटांनी फिरत गेला आणि स्पिंडलच्या खांद्याला हलकेच टेकला. इतका सहज, की त्यावरचा हात मला काढवेना.

कारण काकांची एक सवय होती. मोटर बंद करून लेथ थांबण्याची वाट पाहणे त्यांना जमत नसे. लेथ भरधाव असतानाच ते दिशा बदलायचा दांडा उलट्या बाजूला फेकत आणि स्पिंडल क्षणात थबके. जड चक मात्र आपल्या वेगात पुढे फिरू पाहतो, आणि तशा वेळी पुढे फिरणे म्हणजे आट्यांवरून सुटणे. तीस वर्षे त्याला गंजाने धरून ठेवले होते. ती पकड मी तीन दिवस खपून, जीव लावून, काढून टाकली होती.

"काका, आता उलटा झटका देऊ नका," मी म्हणालो.

"काय? मोठ्यानं बोल. पाद्र्यापुढं पाप सांगतोयस का?"

"चक सुटेल."

"तीस वर्षं देतोय झटका. सुटला कधी?"

"तेव्हा गंज होता."

काकांनी एका हाताने पट्टा धरला आणि दुसऱ्या तळहाताने चकला ढकलले. तो निमूटपणे पाव फेरा मोकळा झाला. त्यांनी तो पुन्हा आवळला.

"दांडा दोरीनं बांधू?" मी विचारले.

"माझा हात बांध त्यापेक्षा. दांड्याला काय कळतंय."

"मग मी चालवतो."

"तुझ्या हातचं कपलिंग बोटीत गेलं तर हा ओविद बुडेल, आणि तुझी आई रविवारी चर्चच्या पायरीवर माझं डोकं फोडेल." मग आवाज उतरला. "मला कळलं रे, आन्सेल्म. हाताला कोण सांगणार?"

ओविद चकसमोरच लेथवर कोपर टेकून उभा होता. मी त्याला बाजूला हो म्हणालो.

"नोव्हेंबरच्या समुद्रात जातो मी," तो हसला. "आणि तुझ्या धुतलेल्या चकला भिऊ?"

तो हलला नाही. मी भिंतीवरच्या विजेच्या मुख्य बटणापाशी जाऊन उभा राहिलो.

लेथ सुरू झाले. कपलिंगवरून पोलादाची निळी कात सुटत राहिली. मी कपलिंगकडे पाहत नव्हतो, काकांच्या डाव्या हाताकडे पाहत होतो. उजव्याने ते हत्यार पुढे नेत होते. डावा त्यांनी मुद्दाम कोटाच्या खिशात घातला होता. शेवटची कात तुटून खाली पडली. खिशाचे कापड हलले.

मी बटण खाली ओढले.

त्याच वेळी तो हात दांड्यावर होता आणि दांडा उलट्या बाजूला. वीज नव्हती. चक ओविदच्या छातीसमोर आपल्या मनाने फिरत राहिला. मंद, आणखी मंद. शेवटी थांबला. ओविदने कोपर काढून घेतले.

काका दांड्यावरच्या त्या हाताकडे पाहत होते.

"मी फेकला?" त्यांनी विचारले.

मी मानेनेच हो म्हटले.

"मला वाटलं, हात खिशातच आहे."